बोगदा काय म्हणतो

फाटकावर बसून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "बाई, आत भूत आहे का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. "मला इतक्या वर्षांत भेटलं नाही. तुम्हाला भेटलं तर परत येताना रजिस्टरमध्ये नोंद करा." काही जण खरंच नोंद करतात. एका कॉलेजच्या पोराने 'भूत नाही, पण वटवाघळं भरपूर' असं लिहून खाली सही केली होती. सही मात्र अशी की ती वाचायला भूतच लागेल.

आमचा सागदऱ्याचा बोगदा माझ्या पावलांनी दोनशे बारा पावलं आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना डोंगर लागतो, त्याच्या पोटातून गेलेला. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला नेऊन मोठ्या गाडीत चढवायच्या, एवढ्यासाठी इंग्रजांच्या काळात छोटी लाइन टाकली आणि त्यासाठी डोंगर फोडला. गाडी इतकी सावकाश चालायची की उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं. पुढे ती बंद झाली. काही वर्षं आत शेळ्या बसल्या. मग कोणाच्या तरी मनात आलं की शहरातल्या लोकांना अंधारातून चालायला आवडेल. आत फरशी घातली, दिवे लावले, भिंतींवर चित्रं काढली, दोन्ही तोंडांना फाटकं बसवली आणि देखरेखीला मला ठेवलं. कारण त्या बोगद्यात पगार घेऊन राबलेलं माणूस गावात मीच उरले होते.

माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मी लागले. गँगमधली पहिली बाई. पहिल्या दिवशी रामजी मुकादम सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसानं घण उचलला तं आमी काय चुलीपाशी बसाचं?"

मी म्हटलं, "बसा ना काका. भाकरी थापता येत असतील तं."

गँग हसली. रामजीकाका हसले नाहीत, पण दुपारी स्वतःच्या डब्यातली मिरचीची भाजी त्यांनी माझ्या भाकरीवर ठेवली. पुढे मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून.

बोगद्याचं काम म्हणजे रुळांचं काम, असं लोकांना वाटतं. रूळ सगळीकडेच असतात. बोगद्यात खरं काम असतं छताचं आणि पाण्याचं. आमच्या बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी घडीव दगडांच्या, चुन्यात बांधलेल्या कमानी आहेत. मधला भाग मात्र नुसता कोरलेला काळा खडक. डोंगरातलं पाणी फटीफटीने उतरतं, दगड सैल करतं. कुठला दगड सैल झाला हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो ऐकायचा. बाजारात मडकं घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना, तसंच. लांब बांबूच्या वरच्या टोकाला लोखंडी टोपण बसवायचं आणि वितावितावर छत ठोकत जायचं. धड दगड टण्ण वाजतो. मागून सुटलेला दगड बद्द वाजतो. हा फरक पहिल्या वर्षी मला कळत नव्हता. काका म्हणायचे, "काना-डोक्याच्या मधात जे बोलून राह्यलं ते बंद कर. मंग आइकू येते."

बद्द वाजलेल्या दगडावर चुन्याने खूण करायची. फुली म्हणजे आजच पाडा. गोल म्हणजे थांबा, पण दर पावसाळ्यानंतर याला पुन्हा विचारा. काका 'विचारा' असंच म्हणायचे. बोगद्यात चार-पाच गोल कायम होते. काही तर माझ्या वडिलांच्या वेळचे.

बोगदा लोकांसाठी तयार होत होता, तेव्हा ठेकेदाराकडचा एक नम्र तरुण इंजिनिअर माझ्याकडे आला. चित्रं काढायची होती, छताला एक रंग द्यायचा होता. त्याने विचारलं, "मॅडम, हे वर पांढरे गोल कसले? पुसले तर चालतील?"

मी विचार केला. आम्ही गँगवाले एक गोष्ट मनात पक्की धरून होतो. दगड पडतो तो गाडीच्या हादऱ्याने. आता गाडी नाही तर हादरा नाही, आणि हादरा नाही तर दगड कशाला पडेल? मी म्हटलं, "पुसा. आता त्यांचं काम संपलं."

त्याने पुसले. वर करडा रंग दिला. भिंतींवर छोटी गाडी आली, गाठी आल्या, हसत कापूस वेचणाऱ्या बाया आल्या. चित्रातली कपाशीची पऱ्हाटी अशी फुटलेली होती, की बघणाऱ्याने हात पुढे करावा.

बाहेरची पऱ्हाटी त्याच वर्षी गेली. गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली. वरून बोंड हिरवं, फोडलं तर आत काळी घाण. लोकांनी उभ्या शेतात गुरं सोडली. ज्यांचं शेत होतं त्यांचं पीक गेलं आणि ज्यांचं नव्हतं त्यांची वेचणी गेली. नलूचं दोन्ही गेलं. नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं चार एकराचं शेत होतं, आणि स्वतःचं आटोपून ती दुसऱ्यांच्या वेचणीलाही जायची. हात असा चालायचा की दोन बायांचा कापूस एकटी वेचेल.

त्या दिवाळीत बोगदा सुरू झाला आणि नलूने फाटकाबाहेर मिरचीभज्याची कढई मांडली. तिच्यामागून आणखी दहा-बारा बाया आल्या. सीताफळं, उकडलेल्या शेंगा, बोरं, हिवाळ्यात हुरडा. आमच्या गावाला त्या वर्षी बोगद्याने जगवलं, हे सांगायला मला कोणाचा दाखला नको. मी रोज बघत होते.

गिऱ्हाइकांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने आले. दिग्रसचे एक निवृत्त गुरुजी आमच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासून गेले आणि पुढच्या खेपेला खिशात रंग आणि ब्रश घेऊन आले. नेरचे एक आजोबा भिंतीतल्या एका कोनाड्यात अर्धा तास बसले. गाडी आली की गँगच्या माणसांनी अंग चोरून उभं राहायचं, त्यासाठी ते कोनाडे. आजोबा लहानपणी एकदा गाडीखालून वाचले होते, ते त्याच कोनाड्यात. राळेगावकडून एकदा ट्रॅक्टर भरून बाया आल्या. या तोंडाने गेल्या, त्या तोंडाने बाहेर पडल्या, तशाच परत आल्या. त्यांच्यातली म्हातारी मला म्हणाली, "बाई, आत काय पाहाचं होतं?"

मी म्हटलं, "अंधार."

"अंधार? थो तं आमच्या गावात रोजच्या रोज येते, लाइन गेली का. तिकीट काढून अंधार पाहाले आलो काय वं आमी!" असं म्हणून इतकी हसली, की नलूने तिला भजी फुकट खायला दिली.

दुसऱ्या वर्षीही कापसाचं काही खरं नव्हतं. दिवाळीला चार दिवस असताना रामजीकाका त्यांच्या गावाहून आले. थकले होते, नातसुनेच्या हाताला धरून होते. "जय भीम, पोरी," म्हणाले. "म्हटलं, एक डाव बोगदा पाहून घेवाव." मी त्यांना आत घेऊन गेले. नलू कढईखालचा जाळ कमी करून आमच्यामागे आली. तिला काका आवडायचे.

काकांनी चित्रं बघितली. साधारण एकशेतीस पावलांवर ते थांबले आणि वर बघायला लागले.

"इथं माह्या हातचा गोल होता. कुठं गेला?"

"रंगात गेला, काका."

"कोणं पुसला?"

"म्या पुसाले सांगतला. गाडी बंद झाली, हादरा राह्यला नाही, म्हणून."

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पोरी, तवा गाडी रोज हादरा दे, तं जे पडाचं ते बारीक-सारीक रोज पडून जाये. आपण झाडून टाकू. आता कोणी झाडत नाही. बोगद्यानं सारं धरून ठेवलं असन." मग नातसुनेला कोनाड्यातली माझी सफाईची लांब काठी आणायला लावली. काठी दोन्ही हातांनी वर धरली. "मले आता आइकू येत नाही. म्या ठोकतो. तू आइक."

त्यांनी ठोकलं. टण्ण. वीतभर पुढे, टण्ण. आणखी वीतभर पुढे.

तो आवाज मी सात-आठ वर्षांनी ऐकत होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. नलूही बघत होती. आमच्यात तो आवाज कळला फक्त मला. मी "बरा आहे" म्हटलं असतं, तर तिथे खोटं पाडणारं कोणी नव्हतं. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर होत्या. नलूने बेसनाची पोती भरून ठेवली होती.

"बद्द," मी म्हटलं.

काकांनी काठी माझ्या हातात दिली. नलूने विचारलं, "म्हंजे काय वं?"

"म्हणजे बोगदा बंद."

मी लोकांना बाहेर काढलं आणि दोन्ही फाटकांना कुलूप घातलं.

संध्याकाळपर्यंत बोगदा चालवणारी गावची समिती जमली. तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी बॅटरी मारून छत पाहिलं आणि म्हणाले, "दिसत तर काहीच नाही."

"दिसत नाहीच साहेब. ऐकू येतं." मी ठोकून दाखवलं. त्यांनी चार वेळा ठोकायला लावलं. त्यांना चारही आवाज सारखे वाटले. माणूस खोटारडा नव्हता. म्हणाले, "मला फरक कळत नाही, बाई. कागदावर काय लिहू?"

सरपंच त्या दगडाखाली जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. "हे पाहा. उभा हाओ. पडला काय?" लोक हसले. मी म्हटलं, "सरपंच, तुम्ही रोज दहा ते सहा तिथं उभे राहत असाल तर मी फाटक उघडते." ते बाजूला झाले, पण मान्य कोणी केलं नाही. नलू सगळ्यांच्या पुढे होती.

"तुह्या कानापायी आमचं पोट बंद करतं काय मिरे? कापसाले अळी लागली, आता बोगद्याले तू लागली!"

हे मला लागलं. गोलाची गोष्ट नलूने तेव्हा आत ऐकली होती, पण तिला त्याचा अर्थ कळला नव्हता, आणि त्या बैठकीत मी तो सांगितला नाही. एवढं लिहून ठेवते.

शेवटी ठरलं ते असं. दुसऱ्या दिवशी बांबूची परांची बांधून दगडाला सब्बल, म्हणजे पहार, लावायची. संध्याकाळपर्यंत पडला, तर बाई खरी. नाही पडला, तर परवा बोगदा सुरू, आणि बाईने राजीनामा द्यायचा. हे शेवटचं मी स्वतः घातलं. जिथे माझ्या कानावर कोणाचा विश्वास नाही तिथे मी फाटकावर बसून काय करणार?

सकाळी सातला सहा माणसं परांचीवर चढली. त्यात नलूचा नवरा दादाराव होता. मी कडेचं छत ठोकून कुठे उभं राहायचं ते दाखवलं, डोक्याला टोप्या घालायला लावल्या. रामजीकाका बाहेर खुर्ची टाकून बसले. दहा वाजले, बारा वाजले. सब्बल घसरत होती, ठिणग्या पडत होत्या. दगड जागचा हलेना. दादाराव वरून म्हणाला, "वहिनी, हा दगड आपल्या सर्वायच्या तेरवीचं जेवून मंगच जाईन." खालून पोट्टे शिट्ट्या मारत होते. दुपारी सगळे जेवायला उतरल्यावर मी एकटीने जाऊन त्याच दगडाला पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्दच. पण इतक्या लोकांनी नाही म्हटलं की माणसाला स्वतःच्या कानात मेण असल्यासारखं वाटायला लागतं.

चारच्या सुमारास फटीत सब्बल अडकली. दोघांनी जोर दिला आणि एक कपची सुटून खाली आली. किती मोठी? भाकरीच्या परातीएवढी. जाडी चार बोटं.

मग सगळे एकदम हसले. सरपंचांनी ती कपची हातात उचलून धरली. "एवढ्यासाठी!" नलू तर हसता हसता रडायला आली होती. "एवढ्यापायी दिवाळी घालवत होती वं तू आमची!"

मला हसू आलं नाही, कारण मी वर बघत होते. कपची जिथून सुटली तिथे काळा खडक दिसायला हवा होता. तिथे मुळं होती. बारीक, ओली, म्हाताऱ्याच्या केसांसारखी. दादारावने त्यांत सब्बलीचं टोक खुपसलं. ते हातभर आत गेलं, लोण्यात गेल्यासारखं. बाहेर काढलं तर मागून चिखल आला. मग पाणी. आधी थेंब थेंब, मग धार. टोपलीएवढे दोन धोंडे त्या चिखलात बसलेले दिसले. खडकाचा त्यांना काही आधार नव्हता. ती कपचीच त्यांना खालून धरून होती.

"उतरा," मी म्हटलं. मोठ्याने म्हणावं लागलं नाही.

सगळे बाहेर आल्यावर काही वेळाने आतून आवाज आला. तो ऐकायला कोणाला शिकवावं लागलं नाही. बॅटरी मारून पाहिलं, तर परांचीचे बांबू मोडले होते.

लोकांना इथपर्यंतची गोष्ट आवडते. इथे थांबलं की मी शहाणी ठरते. पण पुढचंही आहे. माझा अंदाज होता की एक दगड पाडायचा, आठवडाभरात उघडायचं. आता वरचा डोंगरच भिजलेला निघाला. नागपूरहून माणसं आली, मोजमापं झाली, जाळी बसवायची, वरून पाण्याला वाट करून द्यायची. ती दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुढची दिवाळीही गेली. कढया घरी गेल्या. काही बाया वीटभट्टीवर गेल्या, काही तेलंगणात वेचणीला. नलू आणि दादाराव पुण्याकडे एका बांधकामावर निघाले.

एसटीला उशीर होता. मी स्टँडवर गेले होते. नलू गाठोड्यावर बसली होती. गाठोड्याची गाठ तिने पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मिरे, तू खोटी निघाली असती तं बरं झालं असतं."

मी म्हटलं, "दादाराव वरच होता, नलू."

"मले मालूम हाय." ती रस्त्याकडे बघत होती. "म्हणून तं तुह्यासंग भांडता बी येत नाही."

तेव्हा मी तिला गोलाचं सगळं सांगितलं. गोल म्हणजे काय, तो मी पुसायला कसा सांगितला. तो राहिला असता तर पहिल्याच पावसाळ्यानंतर, बोगदा उघडायच्या आधीच, मी त्या दगडाला विचारलं असतं. काम तेव्हाच झालं असतं. तिची कढई एक दिवसही विझली नसती.

नलूने ऐकून घेतलं. "आता सांगून राह्यली?" एवढंच म्हणाली. एसटी आली. मी गाठोडं वर दिलं, तिने ते घेतलं, आणि गाडी गेली.

रामजीकाका त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. त्यांची लोखंडी टोपणाची ठोकायची काठी माझ्याकडे आहे.

बोगदा पुन्हा उघडला त्याला आता दोन वर्षं होतील. वर जाळी आहे, पाण्याला वाट आहे, तरी रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी मी ठोकत जाते. जाळीतून आवाज थोडा वेगळा येतो, तो नव्याने शिकावा लागला. छताच्या करड्या रंगावर मी चुन्याचे गोल पुन्हा काढले आहेत. एका पाहुण्याने ती जुनी लिपी आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, "हो, पण वाचणारं आता एकच माणूस आहे." समितीला मी सांगून ठेवलं आहे की माझ्या हाताखाली दोन बाया द्या. ऐकणं हे पुस्तकातून येत नाही, आणि मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. त्यांचं अजून विचार करणं चालू आहे.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतून ठोकून बाहेर आले, तर फाटकाशी नलू उभी होती. बारीक झाली होती. सोबत लेकीची पोर, पाच-सहा वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली. नलूची जुनी जागा मी कोणाला दिली नव्हती. तिथे दगडांची चूल तशीच होती. नलूने चुलीकडे बघितलं.

"आज आइकलं काय?"

"आइकलं."

"काय म्हणते?"

"धड आहे. शेवटपर्यंत."

"चाल," ती पोरीला म्हणाली आणि आत निघाली. तिकीट मागायची माझी हिंमत झाली नाही. मी मागून काठी घेऊन गेले. पोर चित्रातल्या पऱ्हाटीला हात लावत चालली होती. नलू सरळ बघत होती. एकशेतीसाव्या पावलापाशी, बरोबर त्या जागेखाली आल्यावर, तिने न बघता पोरीच्या डोक्यावर आपला तळहात धरला. तसा धरून चार-पाच पावलं चालली. मग थांबली, वर बघितलं, मागे वळून माझ्याकडे बघितलं.

आणि हात काढून घेतला.